मावशी गोलात उभ्या राहतात

तो सामना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून छातीठोकपणे सांगते. ऐकीव गोष्ट असती तर मीही म्हटलं असतं, काहीतरीच काय! सत्तरी ओलांडलेली बाई आणि फुटबॉल? पण त्या दिवशी ओरडून ओरडून माझा घसा असा बसला की पुढे आठवडाभर मी घरात खुणांनी बोलत होते. घरच्यांना त्याचा आनंदच झाला, ती गोष्ट वेगळी.

मावशी आमच्या समोरच्या दारात राहतात. त्या आणि त्यांची लेक, दोघीच. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवून बघते. मावशींनी स्वतः उभी हयात एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत काढली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळ्याची गाठोडी ट्रकमधून वरून फेकली जायची आणि खाली उभ्या राहून मावशी ती झेलायच्या. एक झेलून हातगाडीवर टाकतात न टाकतात तोच दुसरं अंगावर यायचं. तिथे त्यांना सगळे ‘जाळी’ म्हणायचे. जाळीतून काही निसटत नाही, असा त्याचा अर्थ. पण हे नाव आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला माहीत होत्या त्या जिन्यात भेटणाऱ्या, चटचट बोलणाऱ्या, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आमच्याआधी वर पोचणाऱ्या मावशी.

मग त्या जिन्यात पडल्या. घोट्याचं हाड मोडलं. इमारतीत तेव्हा कोणी नव्हतं. लेक दुकानातून परतली तेव्हा आई पायरीवर तशीच पडलेली तिला सापडली. प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले हाड उत्तम जुळलंय. हाड जुळलं, पण धीर काही जुळला नाही. मावशी खुर्चीतून उठायच्या आधी भिंतीकडे बघायच्या, भिंतीपासून दाराकडे बघायच्या, आणि पुन्हा बसायच्या.

त्यात लेकीने हाय खाल्लेली. “आई, तू बस, मी देते.” “आई, उठू नकोस.” “आई, बस ना गं!” पाण्याचा तांब्या हाताशी, फोन हाताशी, रिमोट हाताशी. ऑफिसातल्या साहेबाला असते तशी एक घंटीसुद्धा तिने आणून ठेवली होती. माया होती ती, दुसरं काही नाही. पण त्या मायेत मावशी मुरंब्यासारख्या मुरत चालल्या होत्या. मी भेटायला गेले की विचारायच्या, “आज वार कोणता?” आणि मी सांगितल्यावर म्हणायच्या, “असेल.”

प्लास्टर घातलेल्या इस्पितळानेच आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक केंद्राला कळवलं होतं, आणि एके दिवशी तिथली फिजिओ घरी आली. तिशीतली, केस वर बांधलेले, पायांत खेळाचे बूट. मी तेव्हा तिथेच बसले होते. तिने मावशींचा पाय तपासला, उभं करून बघितलं. मावशी टेबल सोडायला तयार नाहीत.

“पोरी, मला नाही जमायचं. तू उगाच वेळ घालवतेस.”

बाजूला वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. त्यातला मोज्यांचा गुंडाळलेला जोड फिजिओने उचलला आणि एकदम मावशींकडे फेकला.

मावशींनी तो झेलला. बघितलंसुद्धा नाही नीट. डावा हात टेबलावरून सुटला, वर गेला, आणि मोजे मुठीत.

“अगंबाई,” मी म्हटलं.

फिजिओने दुसरा जोड फेकला, मग टॉवेलचा बोळा, मग सोफ्यावरची उशी. मावशींनी सगळं झेललं. उशीला तर दोन्ही हात लागले! आपण टेबल सोडून दोन पावलं पुढे आलोय, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ज्या क्षणी कळलं त्या क्षणी त्या मटकन खुर्चीत बसल्या, पण चेहरा असा फुलला होता की काय सांगू. आणि मग लाँड्रीच्या गोष्टी जे सुरू झाल्या! ट्रक, गाठोडी, ‘जाळी’, सगळं तेव्हा बाहेर आलं. फिजिओ जमिनीवर मांडी ठोकून ऐकत बसली. निघताना म्हणाली, “सोमवारी केंद्राची गाडी दारात येईल. नुसतं बघायला या. नाही आवडलं तर त्याच गाडीने परत.”

केंद्र म्हणजे एक जुनी बैठी इमारत. पुढे मोठी खोली, तिथे कोणी वाचतंय, कोणी पत्ते कुटतंय, एका कोपऱ्यात रक्तदाब मोजताहेत. एक स्वयंपाकघर, तिथून गरम जेवणाचे डबे घरी अडकलेल्या लोकांकडे जातात. आणि मागे मैदान. गाडीला उतरती फळी होती, त्यामुळे पायरी चढायची भीती नव्हती. मावशींना सोबत हवी म्हणून मीही गेले.

पहिलाच वर्ग कसला असावा? पडायचा!

“पडायला शिकायचं?” मावशी फिजिओला म्हणाल्या. “ते तर मला न शिकताच उत्तम येतं.”

“पडायला थोडंच शिकायचंय, मावशी. खरं शिकायचंय ते उठायला.”

जाड गाद्या अंथरल्या होत्या. फिजिओने त्यांना हाताला धरून हळूहळू खाली नेलं आणि आडवं केलं. मावशी छताकडे बघत निपचित पडल्या. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळायला लागलं. मी पुढे सरणार, तर फिजिओने मला नजरेनेच थांबवलं.

“घाई नाही,” ती म्हणाली. “आधी श्वास. कुठे दुखतंय का बघा. नाही ना? आता कुशीवर वळा. कोपरावर या. आता हातांवर आणि गुडघ्यांवर. छान! आता रांगत खुर्चीपर्यंत. हात खुर्चीवर ठेवा, बळकट पाय पुढे घ्या, आणि जोर करा.”

मावशी उठल्या. धापा टाकत होत्या, केस विस्कटले होते. खुर्ची धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा.”

त्या दिवशी त्या आपण होऊन इतक्यांदा पडल्या आणि उठल्या की शेवटी गादीच थकली असेल. परतताना गाडीत बडबड थांबेना. “जिन्यात मला हेच माहीत असतं ना गं, तर मी लेक यायच्या आत चहा टाकला असता!”

फुटबॉल सुरू झाला तो पुढच्या आठवड्यात. मागच्या मैदानातून आरडाओरडा ऐकू येत होता म्हणून मावशी बघायला गेल्या. तिथे साठी-सत्तरीची माणसं फुटबॉल खेळत होती, पण चालत. हा खेळ चालतच खेळायचा असतो. पळलं की फाऊल. चेंडू कमरेच्या वर गेला की फाऊल. कोणी कोणाला धक्का द्यायचा नाही. पंच होत्या एका शाळेच्या निवृत्त हेडबाई. शिट्टी वाजवून त्या सारख्या ओरडायच्या, “पळू नका! पळू नका म्हणते ना!” मला म्हणाल्या, “आयुष्यभर शाळेच्या व्हरांड्यात हेच ओरडत आले. आता तेच काम फुकट करते.”

संघाचा कप्तान म्हणजे ड्रायव्हरकाका, पूर्वी बस चालवायचे. त्यांचा गोलकीपर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेला होता आणि गोल उघडा पडला होता. फिजिओने मावशींकडे बोट दाखवलं.

“त्यांना उभं करा.”

“मावशींना?” ड्रायव्हरकाकांनी मावशींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “जमेल का?”

“काय करायचं असतं?” मावशींनी विचारलं.

“उभं राहायचं आणि अंगावर येईल ते अडवायचं.”

“एवढंच?” मावशी म्हणाल्या. “त्याचा तर मी पगार घ्यायचे.”

पहिल्या दिवशी त्यांच्या गोलात एकही चेंडू गेला नाही. ड्रायव्हरकाकांनी हट्टाला पेटून जवळून मारले, कोपऱ्यात मारले, फसवून मारले. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाले, “बाई, तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे?”

अडचण एकच होती, लेक. तिला मावशींनी सांगितलं होतं, “हलका व्यायाम असतो.” आता हलक्या व्यायामाने कोपर कसं खरचटतं, हे समजावून सांगायला मावशींना बरीच कल्पनाशक्ती लढवावी लागली. गोलकीपरचे हातमोजे माझ्याकडे ठेवलेले असायचे. एकदा मी ते धुऊन गॅलरीत वाळत घातले आणि लेकीने पाहिले.

“हे कोणाचे?”

“भांडी घासायचे,” मी म्हटलं.

“एवढे जाड?”

“कढया फार करपतात आमच्याकडे.”

तिला काही ते पटलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात दुकानात एक गिऱ्हाईक फ्रेम निवडता निवडता तिला म्हणालं, “आमच्या केंद्रात एक मावशी आहेत, काय गोल अडवतात! अगदी तुमच्यासारखा चेहरा.” झालं! ती तडक घरी आली. मी नेमकी तिथेच सापडले.

“आई, तू फुटबॉल खेळतेस?”

“चालतच खेळतात गं.”

“परत पडलीस तर?”

“पडले तर उठेन.”

“तुला काय माहीत!” लेकीचा आवाज एकदम फुटला. “तू पायरीवर पडली होतीस तेव्हा मी खालून हाका मारल्या आणि तू ओ दिली नाहीस. मला वाटलं, गेली. पर्स टाकली, चप्पल टाकली, तशी धावत वर आले मी. अजून रोज कुलूप उघडायच्या आधी मी दाराला कान लावते. आणि तू म्हणतेस उठेन!”

एवढ्या महिन्यांत लेकीने हे कधी सांगितलं नव्हतं. तिला जवळ घेऊन मावशी बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझी भीती खरी आहे, बाळ. पण मला खुर्चीत बसवून ती जात नाहीये ना? रविवारी सामना आहे. एकदा ये. डोळ्यांनी बघ. मग म्हणालीस बस, तर बसेन मी.”

लेक हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

रविवार उजाडला. चार भागांतल्या केंद्रांची स्पर्धा होती आणि आमचं केंद्र चक्क अंतिम सामन्यात पोचलं होतं! मैदानाभोवती दोरी बांधलेली, दोरीला टेकून मुलं, सुना, जावई, नातवंडं. कोणी डबा वाजवतंय, कोणी नुसत्याच टाळ्या. चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा तर सामना सुरू व्हायच्या आधीपासूनच पंचांना नावं ठेवत होते. मावशींनी पिवळी जर्सी घातली होती, ती त्यांना गुडघ्यापर्यंत येत होती. मी मान लांब करून लेकीला शोधत होते. ती आली होती! अगदी टोकाला, हाताची घडी घालून, घरून भांडूनच निघाल्यासारखा चेहरा करून उभी होती.

समोरच्या संघात एक निवृत्त दाताचे डॉक्टर होते. उंच, सडपातळ, पायात जादू. चालता चालता असा चेंडू काढायचे की समोरच्याला दात काढल्यावरच कळावं तसं उशिरा कळायचं. पहिला गोल त्यांनीच केला. मावशींच्या बोटांना लागून चेंडू आत गेला. आमच्या बाजूचे डबे वाजायचे थांबले! मावशींनी हातमोजे झटकले आणि काय तरी पुटपुटल्या. काय ते विचारायची माझी हिंमत नाही. मग आमच्याकडून ड्रायव्हरकाकांनी बरोबरी साधली. काय तो गलका! मी शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली.

एक-एक. वेळ संपत आलेली. डॉक्टर पुन्हा चेंडू घेऊन निघाले. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं आणि खाली, अगदी खांबाच्या कडेला मारला. मावशींनी अंग टाकलं.

आडव्या झाल्या. चेंडू त्यांच्या पोटाखाली.

“आई!”

लेक दोरीखालून वाकून मैदानात घुसली आणि धावत सुटली. तेवढ्यात हेडबाईंची शिट्टी कडाडली, “पळू नका!”

आणि काय आश्चर्य, ती थांबली. शाळेतली सवय, दुसरं काय! एक पाय पुढे टाकून तशीच उभी राहिली. मावशींनी जमिनीवरूनच तिच्याकडे हात केला.

“थांब. मला उठू दे.”

हेडबाईंनी खेळ थांबवला होता. मावशी क्षणभर पडून राहिल्या. मग कुशीवर वळल्या. कोपरावर आल्या. हातांवर, गुडघ्यांवर. तिथे खुर्ची नव्हती, खांब होता; तो धरला, बळकट पाय पुढे घेतला आणि उठल्या! चेंडू काखेत. मैदानभर जो जल्लोष उसळला तो मी शब्दांत नाही सांगू शकत. समोरच्या संघाचे लोकही टाळ्या वाजवत होते. फिजिओ तर दोन्ही मुठी वर करून नाचत होती.

लेक जवळ गेली. आता चालत. तिने आईचे हात चाचपले, गुडघे बघितले, घोटा दाबून बघितला. तिचे गाल ओले होते.

“दुखतंय?”

“नाही. बसू का मी आता?”

लेकीने नाक पुसलं. “बसतेस कसली! ऐक. तो डॉक्टर आहे ना, तो मारायच्या आधी जिथे मारायचंय तिकडे बघतो. पायाकडे बघू नकोस त्याच्या. डोळ्यांकडे बघ. मी दिवसभर माणसांचे डोळेच बघते.”

खेळ पुन्हा सुरू झाला. मावशींनी चेंडू जमिनीलगत लांब फेकला, तो थेट ड्रायव्हरकाकांच्या पायात! समोर मोकळं मैदान. काका निघाले, आणि तो मोह त्यांना आवरला नाही. पळाले! चक्क पळाले, गोल केला आणि दोन्ही हात पसरून वळतात तर हेडबाईंची शिट्टी. गोल बाद. प्रेक्षकांतून काकांच्या बायकोचा आवाज आला, “घरी नळ बंद करायला उठत नाहीत हो, आणि इथे बघा!”

मग बरोबरीतच वेळ संपली आणि आल्या पेनल्टी. एकेक करून दोन्ही संघांचे खेळाडू येत होते, कोणी बाहेर मारत होतं, कोणी आत. माझा जीव टांगणीला लागलेला. आमचा एक गोल जास्त झाला, आणि त्यांचा शेवटचा फटका उरला. मारणार होते दाताचे डॉक्टर. लेक आता गोलाच्या मागे जाऊन उभी होती. तिला तिथून हलवायला गेलेला स्वयंसेवक आल्यापावली परतला.

डॉक्टरांनी चेंडू ठेवला. पुसला. मागे गेले. सगळे त्यांच्या पायाकडे बघत होते, मावशी मात्र त्यांच्या चष्म्याआडच्या डोळ्यांकडे. ते डोळे इवलेसे हलले. मला तर काही दिसलंही नाही. पण फटका बसायच्या आधीच मावशींनी उजवीकडे पाऊल टाकलं होतं, आणि चेंडू आला तो थेट त्यांच्या दोन्ही हातांत, गाठोडं यावं तसा.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. चाकाच्या खुर्चीतले आजोबा टोपी उडवत होते. ड्रायव्हरकाका रडत होते. लेकीने आईला कमरेला धरून उचललं, खरोखर उचललं, आणि मावशी ओरडत होत्या, “अगं सोड, पाडशील मला!” दाताचे डॉक्टर येऊन मावशींशी हात मिळवून म्हणाले, “तुम्हाला कळलं कसं?” मावशींनी लेकीकडे बघितलं. दोघींच्या तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी मावशींचे खांदे असे आखडले होते की हात वर जाईना. मी गेले तेव्हा लेक त्यांचे केस विंचरत होती आणि मावशी आलेल्या-गेलेल्याला सामना सांगत होत्या. दर वेळी डॉक्टरांचा फटका जास्त जोराचा होत होता. संध्याकाळपर्यंत तो तोफेचा गोळा झाला. टेबलावर जिंकलेला कप होता, आणि घंटी कुठे ठेवलीय हे दोघींनाही आठवत नव्हतं.

लेक आता महिन्यातून एकदा केंद्रावर जाते. चष्म्यांचे ढिले स्क्रू आवळते, काड्या सरळ करते, कोणाला नंबर तपासून घ्यायला हवा ते सांगते. मावशी गाद्यांच्या वर्गात नव्या आलेल्यांच्या शेजारी आडव्या होतात आणि म्हणतात, “चला, दोघी मिळून उठू.”

परवा केंद्राला पलीकडच्या गावाहून सामन्याचं आमंत्रण आलं. तिथे मुक्काम करावा लागणार आहे. लेक रात्री माझ्याकडे आली आणि उगाच दारातच घुटमळत राहिली.

“तुला काय वाटतं,” तिने विचारलं, “सोबत घरचं माणूस चालेल का त्यांना?”

“विचारून बघ ना.”

“विचारणारच आहे.” मग जरा थांबून म्हणाली, “रजा टाकलीये मी. आजच.”